मॅजिकचा नवा सेट आला की हौशी खेळाडूने तो कसा समजून घ्यावा? बॉक्स घ्यावा की सुटी कार्डे?

तुमच्या प्रश्नातले एक वाक्य मला खटकले आणि हे उत्तर मुख्यतः त्या वाक्यासाठी आहे. तुम्ही लिहिले आहे की तुम्ही स्पर्धांमध्ये उतरत नाही, ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाचा नवा सेट केवळ हौस म्हणून धुंडाळायचा आहे, आणि म्हणून ‘कॉमन कार्डांचा पसारा बाजूला ठेवून कोणत्या रेअर आणि मिथिक कार्डांवर लक्ष ठेवावे’ हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. (कार्डे दुर्मीळतेनुसार कॉमन, अनकॉमन, रेअर आणि मिथिक अशी चढत जातात.) हे वाक्य मी यापूर्वी एका मित्राच्या तोंडून, थोड्या अधिक उद्धट शब्दांत ऐकले आहे. त्याला मी जे सांगितले होते तेच तुम्हालाही सांगतो: ज्याला तुम्ही पसारा म्हणता तोच सेट असतो. बाकीचे सजावट म्हणून येते.

नियम, रंग आणि डेकची रचना तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. फक्त एक हिशेब पुढे ठेवतो. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘मर्डर्स अ‍ॅट कार्लोव्ह मॅनर’पासून जुने ड्राफ्ट बूस्टर आणि सेट बूस्टर (कार्डांची बंद पाकिटे) बंद होऊन त्यांच्या जागी प्ले बूस्टर आले. त्यात खेळायची 14 कार्डे असतात. त्यांपैकी सहा-सात कॉमन, तीन अनकॉमन, एक रेअर किंवा मिथिक आणि एक लँड (मॅना, म्हणजे कार्डे खेळण्याची ऊर्जा, देणारे कार्ड) असते, तर उरलेल्या जागी काहीही येऊ शकते. मिथिक साधारण सात पाकिटांत एकदा निघते. सील्ड प्रकारात प्रत्येकाला सहा पाकिटे मिळतात, म्हणजे 84 कार्डे, आणि त्यांतून 40 कार्डांचा डेक बांधायचा असतो. त्यात साधारण 17 लँड धरल्या तर उरलेल्या 23 जागांपैकी बहुतेक जागा कॉमन आणि अनकॉमन कार्डेच भरणार, दुसरा पर्याय नाही. ज्यांनी सेट घडवला त्यांनी हे गणित डोळ्यांपुढे ठेवूनच कॉमन कार्डे लिहिलेली असतात. मिथिक कार्डांवरून सेटची पारख करणे म्हणजे रविवारच्या मेजवानीवरून मेसचे जेवण जोखण्यासारखे आहे.

आता प्रसंग सांगतो, कारण त्याशिवाय माझा मुद्दा कोरडा राहील. ऑगस्ट 2024 मध्ये ‘ब्लूमबरो’ हा सेट आला. ज्या जगात एकही माणूस नाही, फक्त उंदीर, ससे, खारी, वटवाघळे, पाणमांजरे अशी छोटी जनावरे तलवारी आणि जादू घेऊन वावरतात, आणि बाहेरून रॅल झारेकसारखा जादूगार आला तर तोही पाणमांजर होऊन जातो, असे ते जग आहे. आम्ही सहा जणांनी पैसे काढून एक बॉक्स घेतला. तेव्हा बॉक्समध्ये 36 पाकिटे असत (2025 पासून 30 असतात), म्हणजे सहा जणांना सहा-सहा, आणि एका दुपारच्या सील्ड सामन्यांना ही वाटणी तंतोतंत पुरली. हौशी मंडळींसाठी बॉक्सचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही, आणि तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे अर्धे उत्तरही इथेच आहे.

कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये आम्ही जमलो. पाकिटे फोडायला सुरुवात झाली आणि आमच्यातल्या एका मित्राला ‘माहा, इट्स फेदर्स नाइट’ हे मिथिक घुबड निघाले. पाच मॅनाचे, उडणारे, 6/5 ताकदीचे (पहिला आकडा पॉवर म्हणजे मार, दुसरा टफनेस म्हणजे सहनशक्ती), समोरच्याच्या सगळ्या क्रीचरांचा, म्हणजे लढणाऱ्या जिवांचा, मूळ टफनेस 1 वर आणणारे, आणि त्याला नुसते लक्ष्य करायचे म्हटले तरी समोरच्याला हातातले एक कार्ड टाकावे लागते. सील्डमध्ये असे कार्ड उतरले की बहुधा डाव संपतोच. मित्राने प्रथम मोबाइलवर त्याचा भाव पाहिला, मग खिशातून टॉपलोडर (कार्ड जपण्याचे कडक प्लॅस्टिक पाकीट) काढला, घुबड त्यात सरकवले आणि ते टेबलाच्या कडेला उभे करून ठेवले. नंतर त्याने काळ्या आणि हिरव्या रंगांत खारींचा डेक बांधला. घुबड काळेच आहे, म्हणजे ते त्या डेकमध्ये काहीही न बदलता बसले असते. आम्ही त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की इतक्या चांगल्या कार्डाच्या कडा पिसण्यात झिजवायच्या नसतात. त्याच्यासमोरच्या कॉमन कार्डांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून त्याने पुढे एक शब्द उच्चारला, ‘रद्दी’.

माझ्या वाट्याला दिमाखदार काही आले नव्हते. रेअर कार्डे निघाली ती चार वेगवेगळ्या रंगांत विखुरलेली होती, म्हणून मी ती सरळ बाजूला ठेवली आणि पांढरा-हिरवा सशांचा डेक बांधला. त्यात दोन ‘कॅरट केक’ होते. हे कॉमन कार्ड तुम्ही यादीत पाहिले असेल तर नक्कीच ओलांडून पुढे गेला असाल, म्हणून ते नीट सांगतो. तीन मॅनाचा हा एक फूड आर्टिफॅक्ट, म्हणजे खाण्याची वस्तू, आहे. तो मैदानात येताना 1/1 चा एक ससा देतो आणि स्क्राय 1 (गड्डीतले सर्वात वरचे कार्ड पाहून ते वर किंवा तळाशी ठेवणे) करू देतो. पुढे दोन मॅना भरून तो खाल्ला की तीन लाइफ मिळतात, आणखी एक ससा येतो आणि पुन्हा स्क्राय 1 होते. एका कार्डात दोन शरीरे, थोडे आयुष्य आणि पुढे उचलायच्या कार्डावर दोनदा नजर. त्याच्या जोडीला ‘बरोगार्ड मेंटॉर’ हे दोन मॅनाचे अनकॉमन होते. त्याला ट्रॅम्पल (अडवणाऱ्याला मारून उरलेला मार समोरच्या खेळाडूला लागणे) आहे, आणि आपल्याकडे जितके क्रीचर असतील तितकी त्याची पॉवर आणि तितकाच टफनेस होतो.

या सेटचा खरा स्वभाव मला त्या दुपारी कळला, आणि तो कोणत्याही मिथिकवर लिहिलेला नाही. ब्लूमबरोमध्ये ‘ऑफस्प्रिंग’ नावाची यंत्रणा आहे: क्रीचर खेळताना थोडा अधिक मॅना भरला तर त्याचीच 1/1 ची एक टोकन प्रत सोबत येते. म्हणजे सुरुवातीला स्वस्तात एकटे खेळायचे की थांबून जोडीने आणायचे, हा निर्णय जवळजवळ प्रत्येक पाळीला समोर येतो. लाल रंगातले ‘स्टीमपाथ चार्जर’ हे कॉमन पाहा. दुसऱ्या पाळीला ते दोन मॅनात हेस्टसह, म्हणजे आल्या पाळीलाच, धावून जाते. चौथ्या पाळीपर्यंत हातात धरले तर दोन धावतात. दोन्ही खेळी बरोबर असू शकतात आणि दोन्ही चुकू शकतात. समोरच्याच्या मैदानावर काय आहे आणि आपल्या हातात पुढे काय आहे, यावर ते ठरते. जिथे इतकी कार्डे एकटी येत नाहीत तिथे एका क्रीचरला मारणारे एक कार्ड, म्हणजे आपण ज्याला साधे रिमूव्हल म्हणतो ते, नेहमीपेक्षा कमी मोलाचे ठरते. मित्राच्या डेकमध्ये रिमूव्हल भरपूर होते. त्याने माझ्या पुढ्यातले एकेक जनावर टिपले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे एक उरले. मेंटॉर शेवटी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काही शिल्लक नव्हते.

तो डाव मी जिंकला, आणि तिथून वाद सुरू झाला. घुबड डेकमध्ये असते तर मी हरलो असतो, असे तो म्हणाला. ते अगदी खरे आहे. माझ्याकडे त्या घुबडाला उत्तर नव्हतेच. पण मग ते डेकमध्ये का नव्हते, याचे उत्तर त्याने दिले नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा वाद तेवढाच आहे. ज्याच्यासाठी कार्ड म्हणजे भाव आहे त्याला ते खेळता येत नाही. खेळले तर झिजते आणि न खेळले तर ते कसे आहे हे त्याला कधीच कळत नाही. त्याने माहाचे चित्र पाहिले आणि भाव पाहिला, पण विरुद्ध बाजूला पाच क्रीचर उभे असताना ती मैदानात उतरते तेव्हा काय होते हे त्याने पाहिले नाही. निघताना त्याने घुबड, आणखी दोन रेअर आणि चकचकीत फॉइल तेवढी घेतली. बाकीची सगळी कार्डे टेबलावर सोडून गेला. ती मी गोळा केली. आज त्यांतून बनवलेला कॉमन-अनकॉमनांचा क्यूब (पुन्हा पुन्हा खेळण्यासाठी निवडून ठेवलेला संच) माझ्याकडे आहे, आणि माझी भाची सुट्टीत आली की आम्ही त्यावरच खेळतो. मॅजिक शिकायला याहून चांगली सामग्री विकत मिळत नाही, हे मी तिचा खेळ पाहून सांगतो.

‘रद्दी’ या शब्दाला इतिहासातूनही उत्तर देता येते. 2016 मध्ये ‘कॅलाडेश’ आला तेव्हा आपल्याकडचे खेळाडू हरखले होते, कारण भारतीय वळणाची वस्त्रे, जाळीदार नक्षीची यंत्रे, आणि साहीली, रश्मी, पदीम अशी नावे मॅजिकमध्ये प्रथमच इतक्या ठळकपणे दिसत होती. जो तो रश्मीचे मिथिक मिरवत होता. मीही मिरवले असते, पण मला ते निघाले नाही. स्टँडर्डमध्ये (अलीकडचेच सेट चालणाऱ्या स्पर्धाप्रकारात) मात्र त्या सेटच्या एनर्जी (साठवून खर्च करायचे गुण) वापरणाऱ्या डेकने इतका धुमाकूळ घातला की जानेवारी 2018 मध्ये त्यातली दोन कार्डे बंद करावी लागली. त्यांपैकी ‘अट्यून विथ ईथर’ हे एक मॅनाचे, एक बेसिक लँड शोधून देणारे आणि दोन एनर्जी देणारे साधे कॉमन होते. दुसरे, ‘रोग रिफायनर’, त्याच्या जोड सेटमधले अनकॉमन. पुढे 30 जून 2025 रोजी स्टँडर्डमध्ये सात कार्डांवर बंदी आली, त्यांपैकी पाच कॉमन किंवा अनकॉमन होती. आणि त्या पाचांत ब्लूमबरोचा ‘हार्टफायर हीरो’ हा एक मॅनाचा लाल उंदीर होता. आमच्या त्या बॉक्समधून हे उंदीर निघाले होते. ते कोणाच्या गठ्ठ्यात पडून राहिले हे सांगायला नको.

जुन्या काळात मागे जायचे तर ‘रिस्टिक स्टडी’ हे 2000 सालच्या ‘प्रॉफसी’ सेटमधले कॉमन आहे, आणि कमांडर या चौघांनी खेळायच्या प्रकाराच्या टेबलावर आज ते दिसले की बाकीचे तिघे सुस्कारा टाकतात. शिवाय केवळ कॉमन कार्डांचा ‘पॉपर’ नावाचा अख्खा प्रकार आहे, ज्याला 2019 मध्ये कागदी कार्डांसाठीही अधिकृत मान्यता मिळाली. इतके लोक रद्दीवर इतका वेळ घालवत नसतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. नवा सेट उघडताना मी प्रथम दोन रंगांची अनकॉमन कार्डे वाचतो. प्रत्येक रंगजोडीला या सेटमध्ये काय करायचे आहे याची पाटी घडवणाऱ्यांनी तिथेच लावलेली असते. ब्लूमबरोमध्ये तर दहा रंगजोड्यांना दहा प्राणी वाटून दिले आहेत, त्यामुळे काम आणखी सोपे होते: पांढरे-लाल उंदीर लक्ष्य केले की फुलतात, निळ्या-काळ्या घुशींना ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) सात कार्डे हवी असतात, लाल-हिरव्या रॅकूनांना एका पाळीत भरपूर मॅना खर्च करायचा असतो, काळ्या-हिरव्या खारी ग्रेव्हयार्ड उकरतात किंवा फूड खातात. घुशींचा थ्रेशहोल्ड (ही सात कार्डांची अट) 2001 च्या ‘ओडिसी’पासूनचा जुना ओळखीचा आहे, उंदरांचा ‘व्हॅलियंट’ (लक्ष्य केल्यावर फुलणे) नवा होता आणि तो पुन्हा वाचावा लागतो, कारण तो एका पाळीत पहिल्या लक्ष्यालाच चालतो. पाट्या वाचून झाल्या की एकेका रंगाची कॉमन कार्डे घ्यायची आणि मनाशी विचारायचे की दोन मॅनाला काय आहे, मारायला काय आहे, आणि पाच टफनेसच्या क्रीचरला या रंगाकडे उत्तर आहे की नाही. स्क्रायफॉल या कार्डे शोधण्याच्या संकेतस्थळावर सेट आणि दर्जा निवडून कॉमन तेवढी वेगळी पाहता येतात. एका संध्याकाळचे काम आहे, आणि त्यानंतर रेअर कार्डे आपोआप कळू लागतात, कारण ती कोणाला मदत करण्यासाठी आली आहेत हे दिसते.

पैसे खर्च करण्यापूर्वी अरीनावर, म्हणजे मॅजिकच्या ऑनलाइन आवृत्तीवर, थोडे खेळून पाहावे. सेव्हेंटीन लँड्स या संकेतस्थळाची आकडेवारीही पाहावी, पण स्वतः खेळल्यानंतर. आधी पाहिली तर तुम्ही सेटशी नव्हे, तक्त्याशी खेळू लागता. शिवाय ती आकडेवारी जे लोक आपली नोंद ठेवतात त्यांची असते आणि ते सरासरी खेळाडूपेक्षा सरस असतात, हे विसरू नये. ‘कॅरट केक’ त्या तक्त्यांत वर होते असे मी नंतर पाहिले तेव्हा मला आनंद झाला, हे मान्य करतो. त्या तक्त्याचा स्क्रीनशॉट मी कोणाला पाठवला हे इथे लिहीत नाही.

आताचा 30 पाकिटांचा बॉक्स घ्यायचा असेल तर पाच माणसे जमवून घ्या, आठ जमली तर ड्राफ्ट (पाकिटे फिरवत एकेक कार्ड निवडणे) करा. ड्राफ्टला माणशी तीन पाकिटे लागतात, म्हणजे 24 मध्ये काम होते आणि उरलेली 6 बक्षिसांना ठेवता येतात. एकट्याने घरी बसून 30 पाकिटे फोडू नका. कलेक्टर बूस्टर (संग्राहकांसाठीचे महाग पाकीट) तर हौशी माणसाने घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. तो खेळण्यासाठी केलेलाच नाही. 2023 मध्ये ‘टेल्स ऑफ मिडल-अर्थ’च्या अशाच एका पाकिटात जगातली एकमेव क्रमांकित ‘द वन रिंग’ निघाली आणि पोस्ट मलोन या गायकाने ती विकत घेतली, तेव्हापासून माझ्या ओळखीच्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांत पाकीट फोडताना वेगळीच चमक दिसते. माझ्या त्या मित्राच्याही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. तुम्हाला एखादा ठरावीक कमांडर डेक पुरा करायचा असेल किंवा स्टँडर्ड खेळायचे असेल तर सुटी कार्डेच घ्या, बॉक्स हा त्यावरचा सर्वात महाग मार्ग आहे. भारतात माल बाहेरून येतो आणि भाव त्याप्रमाणे चढतो; ऑनलाइन संशयास्पद स्वस्त बॉक्स दिसला तर तो नकली किंवा पुन्हा बंद केलेला असू शकतो, म्हणून ओळखीच्या दुकानातूनच घ्यावा. सगळे सेट पाहण्याचा हट्ट धरू नये: 2025 मध्ये एकट्या स्टँडर्डसाठी सहा मोठे सेट आले, आणि नोकरी सांभाळून ते सहाही नीट खेळणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वर्षाला एक निवडा, ज्याचे जग तुम्हाला आवडते तो, आणि तो कंटाळा येईपर्यंत खेळा. आणि हो, संग्रह करणे हा स्वतंत्र छंद आहे, त्यात वाईट काही नाही. ज्याला अल्बममध्ये घुबड लावून ठेवायचे आहे त्याने अवश्य लावावे, फक्त त्याने उरलेल्या पाच जणांच्या टेबलावर बसून त्यांच्या कार्डांना नावे ठेवू नयेत.

बॉक्स वाटून घेणार असाल तर पहिले पाकीट फोडण्याआधी एक गोष्ट सर्वांसमक्ष ठरवा: रेअर कार्डे कोणाची. आमच्याकडे तेव्हा हे ठरलेले नव्हते, आणि ‘माझ्या पाकिटातून निघाले ते माझे’ हा नियम ज्याला घुबड निघाले त्यानेच त्या क्षणी जाहीर केला. आता आम्ही असे करतो की सामने संपेपर्यंत निघालेले प्रत्येक कार्ड खेळण्यासाठी खुले असते, ज्याला कडांची काळजी आहे त्याने स्लीव्ह घेऊन यावे. सामने संपले की सर्व रेअर आणि मिथिक टेबलाच्या मध्यभागी उलगडून ठेवायची, ज्याने सर्वाधिक डाव जिंकले त्याने पहिले उचलायचे, मग क्रमाने पुढचे, आणि शेवटच्याने सलग दोन उचलून उलट फिरायचे. कॉमन आणि अनकॉमन कार्डे ज्याला हवी त्याची, आणि कोणालाच नको असतील तर ती माझी.